बेलर आणि बांध

यंत्राची निवड ही निखळ शास्त्रीय बाब आहे. तिथं रागलोभाला, मानपानाला आणि भाऊबंदकीला जागा नसते. निवृत्ती गतीर हे वाक्य गेले आठ दिवस रोज म्हणत होता. सुरुवातीला घरात म्हणायचा. घरच्यांनी ऐकणं सोडल्यावर गोठ्यात जाऊन म्हशींना ऐकवायला लागला. म्हशींनी विरोध केला नाही.

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात त्यानं चोवीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं होतं. केसभर फरकासाठी आख्खा लॉट परत पाठवणारा माणूस अशी तिथं त्याची ख्याती होती. नोकरी सोडून तो इगतपुरी तालुक्यातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा मोजपट्टी खिशात घेऊनच परतला. भाताची पाच एकर खाचरं, अकरा म्हशी, बायको मैना आणि धाकटी मुलगी वेदिका असा त्याचा पसारा होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मोजण्यासारख्या होत्या. उरलेल्या दोघींनी मोजू दिलं नव्हतं.

यंदा अडचण पेंढ्याची होती. चेनवरचं छोटं हार्वेस्टर आलं, भात काढून घेतलं आणि पेंढा ओळीनं खाचरात टाकून निघून गेलं. तो गोळा करायला माणसं नव्हती. हाताशी येण्यासारखं सगळं गाव निफाडकडं द्राक्षांच्या विरळणीला गेलं होतं. म्हणजे अकरा म्हशींचं वर्षभराचं खाणं उघड्यावर, आणि हवामान खात्यानं गुरुवारी दुपारी चारनंतर विजांसह पाऊस सांगितलेला. नोव्हेंबरचा पाऊस पेंढ्यावर पडला की पेंढा काळा पडतो, त्याला बुरशी येते, आणि म्हैस त्याला तोंड लावत नाही. दोन वर्षांपूर्वी असाच पेंढा भिजला तेव्हा चार म्हशी घोटीच्या बाजारात उभ्या कराव्या लागल्या होत्या. या खेपेला भिजला तर दावणीला एकही राहणार नाही, असं मैनानं सांगितलं होतं. मैना कुठलीही गोष्ट एकदाच सांगत असे.

म्हणून बेलर. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, पेंढा उचलून गुंडाळत जायचं आणि त्याचे घट्ट गोल गठ्ठे बाहेर टाकायचे, असं हे यंत्र. अनुदानाच्या सरकारी सोडतीत निवृत्तीचं नाव निघालं होतं, आणि कोणतं बेलर घेणार ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत ऑनलाइन कळवायचं होतं. बाजारात जाती दोन. घोटीचा नवनाथ विकत होता ते धाकटं: आत लोखंडी रोलर, गठ्ठा सुतळीनं बांधायचा, वजन अठरा किलो. बाईमाणूससुद्धा उचलेल, असं नवनाथ म्हणाला, आणि मैनानं त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं ‘सुद्धा’ मागं घेतलं. नाशिकहून समर्थ नावाचा इंजिनिअर आणत होता ते मोठं: आत रबरी पट्टे, गठ्ठा जाळीत गुंडाळायचा, उंची छातीपर्यंत, वजन अडीचशे किलोच्या घरात. दोघांनीही गुरुवारी यंत्र आणून, चालवून दाखवायचं कबूल केलं होतं. ज्याचं घेणार त्यानं त्याच दिवशी सगळा पेंढा बांधून द्यायचा, असं ठरलं.

निवृत्तीनं तक्ता तयार केला. त्यात बावीस मुद्दे होते. सैल पोटाच्या गठ्ठ्यात हवा खेळते, घट्ट गठ्ठा ओला असला तर आतून तापतो, सुतळी म्हैस चुकून खाईलही पण जाळी खाऊ नये, वगैरे. बावीसपैकी एकोणीस मुद्दे धाकट्याच्या बाजूनं पडले.

तेविसावा मुद्दा तक्त्यात नव्हता.

मोठं बेलर आठ फूट रुंद होतं. निवृत्तीच्या खाचरात जाणारी वाट विहिरीचा कठडा आणि जांभळीचं खोड यांच्या मधून जाते, आणि ती सहा फूट दोन इंच आहे. मोठं यंत्र आत न्यायचं तर रस्त्यावरून खंडेरावच्या रिकाम्या खाचरातून आणायचं आणि मधला बांध दहा फूट फोडायचा, एवढा एकच मार्ग. खंडेराव हा निवृत्तीचा सख्खा चुलतभाऊ, दीड वर्षानं थोरला. दोघं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण शास्त्रीयच होतं. थोरल्या मुलीच्या, निकिताच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘आपले नम्र’च्या खाली भावकीची नावं घालायची होती. थोरला कोण, धाकटा कोण, कुणाचा मान किती, या भानगडीत पडायला नको म्हणून निवृत्तीनं नावं अकारविल्हे लावली. त्यामुळं काळू वर गेला आणि खंडेराव खाली आला. काळू हा खंडेरावचा धाकटा भाऊ. सातशे पत्रिका वाटून झाल्यावर हे कुणाच्या तरी लक्षात आलं. खंडेराव लग्नाला आला, त्यानं आहेर केला, पंगतीत जिलेबी दोनदा घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बोलणं बंद केलं.

अर्थात अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. अबोला धरलेली दोन माणसं एकमेकांविषयी भरपूर बोलतात आणि ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. तोंड तेवढं दुसरीकडं ठेवतात. निवृत्तीच्या बोलण्यात खंडेराव ‘वरचे’ होता, कारण त्याचं खाचर वरच्या अंगाला होतं. खंडेरावच्या बोलण्यात निवृत्ती ‘अंबडवाले’ होता. खंडेरावचा बराचसा पत्रव्यवहार त्याच्या कुत्र्याच्या मार्फत चाले.

गुरुवारी सकाळी दोन्ही यंत्रं आली. मोठं आलं ते रस्त्यावरच उभं राहिलं. त्याच्यापुढं सत्तेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर होता, आणि दोन्ही मिळून एखाद्या व्याह्यासारखे दिसत होते: आत बोलावल्याशिवाय येणार नाहीत, आणि आले की जागा लागणार. समर्थनं वाट बघितली, मोजपट्टी न लावताच मान हलवली आणि विचारलं, की काका, वरच्या अंगानं का नाही येत? निवृत्तीनं त्याला तक्ता दाखवला. समर्थनं बावीसही मुद्दे वाचले आणि यात वाटेचा उल्लेख कुठं नाही, असं नम्रपणे सांगितलं. निवृत्ती म्हणाला, हा तांत्रिक तक्ता आहे.

धाकटं बेलर दहा वाजता जांभळीखालून आत शिरलं. नवनाथच्या माहितीपत्रकात तासाला नव्वद गठ्ठे लिहिले होते. पेंढा साधारण साडेचारशे गठ्ठ्यांचा. म्हणजे पाच तास, म्हणजे तीन वाजता काम संपून वर एक तास हातात. निवृत्तीनं हा हिशेब मैनाला दोनदा सांगितला. तिनं आभाळाकडं बघितलं. आभाळ तेव्हा निळं होतं, त्यामुळं निवृत्तीला आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

पहिला तास बरा गेला. यंत्रानं एकसष्ट गठ्ठे टाकले. कमी का, तर सुरुवात आहे, असं नवनाथ म्हणाला. दुसऱ्या तासात ट्रॅक्टर खालच्या खाचराकडं सरकला. तिथल्या पेंढ्यात अजून ओल होती. रोलरला पेंढा चिकटायला लागला, सुतळी तुटायला लागली. दर पाच गठ्ठ्यांमागं नवनाथ खाली उतरून यंत्राच्या पोटात हात घालायचा, आणि निवृत्ती घड्याळाकडं बघायचा. बारा वाजता एकशे आठ. एक वाजता एकशे चाळीस.

सव्वा वाजता वारा पडला.

हा पडलेला वारा इकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. पानं हलायची थांबतात, माशा अंगाला चिकटतात आणि कळसूबाईच्या बाजूचं आभाळ दुधी भोपळ्याच्या रंगाचं होतं. निवृत्तीनं वहीत भागाकार केला. उरलेले गठ्ठे तीनशे दहा, वेग तासाला तीस. उत्तर दहा तासांहून जास्त आलं. त्यानं परत केला. भागाकार तोच राहिला.

तोवर खंडेराव आपल्या बांधावर येऊन बसला होता. त्याचा पेंढा आठ दिवसांपूर्वीच उडवी रचून झाकलेला होता, त्यामुळं त्याला काहीच काम नव्हतं आणि ते तो मन लावून करत होता. निवृत्तीपासून तो वीस पावलांवर होता. कुत्र्याच्या मानेवर हात फिरवत तो कुत्र्याला म्हणाला, की काही लोकांची यंत्रं म्हशीपेक्षा जास्त रवंथ करतात.

निवृत्तीनं वही मिटली, ती टोमण्याच्या रागानं नव्हे. टोमणा त्याला पटला होता.

समर्थ रस्त्यावरून चालत आला. हा मुलगा सकाळपासून चार तास ट्रॅक्टरच्या सावलीत बसून होता आणि एकदाही मी सांगितलं होतं असं म्हणाला नव्हता. त्यामुळं निवृत्तीला त्याचा जास्तच राग येत होता.

“काका,” समर्थ म्हणाला, “आत यायला मिळालं तर राहिलेला सगळा पेंढा दीड तासात बांधतो. पण सव्वादोनच्या आत सुरू करायला पाहिजे. त्यानंतर मी शब्द देत नाही.”

निवृत्तीनं तोंड विहिरीकडं केलं. “त्यांना विचारा,” तो विहिरीला म्हणाला, “बांध फोडू देतात का.”

वीस पावलांवर हे स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी समर्थ वीस पावलं चालला, कारण त्याच्या लक्षात आलं की चालणं हाच यातला मुख्य भाग आहे.

“काका, ते विचारतायत, बांध फोडू द्याल का.”

“कोण ते?” खंडेराव म्हणाला.

“निवृत्तीकाका.”

“कुठं हायेत?”

समर्थनं बोट दाखवलं. खंडेरावनं त्या दिशेला नीट निरखून बघितलं. “तिथं तर विहीर हाय,” तो म्हणाला.

समर्थ वीस पावलं परत आला. निवृत्तीनं निरोप पाठवला, की बांध होता तसा परत घालून देईन, लांबी-रुंदी-उंची मोजून, वाटलं तर कागदावर लिहून. समर्थ गेला. खंडेरावचं उत्तर आलं, की अंबडवाल्यांचं मोजमाप गावाला माहीत आहे. माती बरोबर मोजतात, माणसं मोजताना वरची खाली होतात. समर्थ आला. निवृत्तीनं सांगितलं, की हा विषय बेलरचा आहे, त्यात जुनं काही काढू नये. समर्थ गेला. खंडेराव म्हणाला, की मी कुठं काय काढलं, मी माझ्या बांधावर बसलोय.

एक वाजून पन्नास मिनिटं झाली. खालच्या खाचरात सुतळी परत तुटली आणि नवनाथनं ट्रॅक्टर बंद केला. यंत्राचा आवाज थांबल्यावर दूरचा गडगडाट ऐकू आला. तो कदाचित मघापासूनच चालू होता.

गोठ्याच्या बाजूनं मैना आली. तिनं खाचरातल्या ओळी बघितल्या, दीर बघितला, नवरा बघितला, आणि दोघांच्या मधे घामाघूम झालेला तो इंजिनिअर बघितला. तिला काही विचारावं लागलं नाही. निवृत्तीनं आपणहून सांगायला सुरुवात केली: धाकटं बेलर तत्त्वतः बरोबरच आहे, एकोणीस मुद्दे त्याच्या बाजूनं आहेत, आजची ओल हा अपवाद धरायला हवा.

“धाकटं तुम्ही निवडलं ते भाऊंना विचारायला नको म्हणून,” मैना म्हणाली. “ते मला पहिल्या दिवशीच कळलंय. म्हशी अकरा हायेत. मी त्यातली एकबी देणार नाय. तुम्हाला एक वाक्य द्यायचंय, तेवढं द्या.”

आणि ती गोठ्यात निघून गेली. ही गोष्टही तिनं एकदाच सांगितली.

निवृत्ती उभा राहिला. दोन वाजले होते. वाक्य त्याच्याकडं तयार होतं; चालता चालता त्यानं ते तपासलं. ‘बांध दहा फूट फोडून दीड तासाकरता ट्रॅक्टर जाऊ द्यावा.’ यात संबोधन नव्हतं. कर्ता कोण, हेही उघड होत नव्हतं. हे वाक्य माणसालाही म्हणता आलं असतं आणि कचेरीलाही. पंधराव्या पावलाला त्याच्या कपाळावर एक थेंब पडला. तो घामाचा असावा, असं ठरवून तो पुढं गेला. विसाव्या पावलाला खंडेरावचे पाय दिसले. चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तिथं तारेचा वेढा होता. त्यांच्या आजोबांच्या चपलेला नेमका असाच वेढा असायचा. निवृत्तीनं मान वर केली आणि वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

“खंडूभाऊ,” तो म्हणाला, “पत्रिकेत चूक माझी झाली.”

हे वाक्य तयार केलेलं नव्हतं. ते तपासून न घेता बाहेर पडलं होतं, आणि आता परत पाठवता येत नव्हतं. खालच्या खाचरात नवनाथचा हात यंत्राच्या पोटातच थांबला.

खंडेरावनं आभाळाकडं बघितलं.

“त्याला झाली आठ वर्षं,” तो म्हणाला. “आता बांधाचं काय ते बोल. पाऊस येतोय.”

“ट्रॅक्टर न्यायचाय.”

“ने की. मी काय धरून ठेवलाय का.”

बांधाला फावडं लावलं ते खंडेरावनं. निवृत्ती हात लावायला गेला तेव्हा त्याला बाजूला सारून तो म्हणाला, की तू मोजत बसशील. दहा फुटांऐवजी त्यानं पंधरा फूट फोडला. दोन वाजून अकरा मिनिटांनी मोठं बेलर आत आलं आणि ओळीवरून असं चालत सुटलं, की चार तास रस्त्यावर उभं राहून त्याची भूक वाढली असावी असं वाटावं. ओला-सुका पेंढा आत जात होता, जाळीचा फेरा बसत होता आणि मागचं झाकण उघडून छातीएवढा गठ्ठा धपकन् खाचरात पडत होता. पहिल्या गठ्ठ्याच्या वेळी नवनाथनं टाळी वाजवली आणि मग आपण कुणाचे आहोत हे आठवून थांबला.

साडेतीनला ओळी संपल्या. चोवीस गठ्ठे. धाकट्या बेलरचे गठ्ठे मैना आणि वेदिकेनं तोवर गोठ्यात नेऊन रचले होते. मग ते कोरड्या उंचवट्यावर न्यायचे होते, आणि अडीचशे किलोचा गठ्ठा उचलत नाहीत, लोटतात, हे सगळ्यांना एकदमच उमगलं. दोन चुलतभाऊ, दोन विक्रेते आणि मैना, अशा पाच जणांनी ते एकेक करून लोटले. विक्रेत्यांनी या कामाचा माहितीपत्रकात उल्लेख नाही हे निदर्शनास आणलं नाही. वारा परत सुटला होता, आता उलट्या दिशेनं. एकविसावा गठ्ठा उतारावर हातून सुटला आणि खंडेरावनं आडवा पाय घातला. निवृत्ती ‘भाऊ’ म्हणून ओरडला, आणि गठ्ठा नखभर अंतरावर कसाबसा थांबला. हे अंतर कुणी मोजलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी ताडपत्रीच्या शेवटच्या टोकावर दगड ठेवला, आणि चार वाजून बावीस मिनिटांनी पाऊस असा कोसळला की पाचही जण गोठ्यात पोचेपर्यंत निथळत होते. गोठ्यात म्हशी धाकट्या बेलरचे दोन गठ्ठे उसकटून खात होत्या. सुतळी त्यांनी बाजूला ठेवली होती.

मैनानं चहा आणला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरच्या कपाला खंडेरावचा हात लागला. वेदिका लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली होती. अर्ज संध्याकाळी सहाला बंद होणार होता. कोणतं बेलर टाकू, असं तिनं विचारलं.

सगळे निवृत्तीकडं बघायला लागले. निवृत्तीनं खिशातून तक्ता काढला. तो भिजून त्याचा लगदा झाला होता.

“धाकटंच घे,” खंडेराव कपात बघत म्हणाला. “मोठं घेतलंस तर दर साली मला विचारायला यावं लागंल.”

पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा होता, की हे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय होती. निवृत्तीनं ती वापरली नाही. अडीचशे किलोचा गठ्ठा दर साली कोण लोटणार, एवढा ट्रॅक्टर भाड्यानं कुठून आणणार, ओला गठ्ठा आतून तापला तर काय करणार, हे सगळे प्रश्न त्याला दिसत होते. ते बरोबर होते. दर साली भात निघाल्यावर वीस पावलं चालत जायची, हेही त्याला दिसत होतं.

“मोठं टाक,” तो वेदिकेला म्हणाला.

खंडेरावनं चहा संपवला आणि अजून अर्धा कप मागितला.

वेदिकेनं मोठं बेलर टाकलं. पुढच्या पानावर शेताचा सातबारा आणि गाव नकाशा मागत होते. सातबारा घरात होता. नकाशा घरात कधीच नव्हता. तो तिनं सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतला, मोठा करून बघितला आणि वडील व काका दोघांच्या पुढं धरला. बांध होता त्या जागेवर, खंडेरावच्या खाचरातून थेट रस्त्यापर्यंत, साडेसोळा फूट रुंदीचा सरकारी गाडीमार्ग दाखवलेला होता, आणि त्यावरून जायला कुणाचीच परवानगी लागत नव्हती.